वैद्य, जनरल अरुणकुमार श्रीधर

(२७ जानेवारी १९२६ – १० ऑगस्ट १९८६). भारताचे माजी भूसेनाध्यक्ष, रणगाडायुद्धातील निष्णात सेनानी आणि दोनदा महावीरचक्राचे मानकरी. जन्म अलिबाग येथे. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण. १९४५ मध्ये ते चिलखती दलात अधिकारी झाले. घोडदळाच्या जुन्या पलटणींनी तोवर घोडे सोडून रणगाडे स्वीकारले होते. पुढे वैद्यांनी ज्या ‘डेक्कन हॉर्स’चे नेतृत्व केले, ती निजामाच्या सैन्यातून उदयास आलेली अशीच एक जुनी पलटण.

सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनने पंजाबातील खेमकरण भागात मुसंडी मारली. तिच्याकडे अमेरिकी बनावटीचे पॅटन रणगाडे होते. लेफ्टनंट कर्नल वैद्य यांच्या पलटणीकडे दुसऱ्या महायुद्धातील शर्मन. समोरासमोर पॅटनचे चिलखत भेदणे शर्मनच्या तोफेला अवघड होते. त्यामुळे असल उत्तर गावाभोवती नालाच्या आकाराची संरक्षणफळी उभारून, उभ्या उसात दबा धरून शत्रूला जवळ येऊ देण्यात आले आणि बाजूने मारा करण्यात आला. पाणी सोडलेल्या शेतांच्या चिखलात अनेक पॅटन रुतले. या लढाईत पाकिस्तानने शंभरच्या आसपास रणगाडे गमावले. असल उत्तर व चीमा येथे स्वतः आघाडीवर राहून केलेल्या नेतृत्वाबद्दल वैद्यांना महावीरचक्र मिळाले.

१९७१ च्या युद्धात ब्रिगेडियर वैद्य शकरगढ आघाडीवर १६ व्या स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचे प्रमुख होते. येथे रणगाड्यांइतकाच धोका होता तो खोलवर पेरलेल्या सुरुंगांचा. चक्रा व देहलीरा भागातील सुरुंगक्षेत्रातून त्यांनी जिद्दीने रणगाडे पुढे काढले आणि बसंतर नदीपलीकडे शत्रूचे प्रतिहल्ले मोडून काढले. याच लढाईत १६ डिसेंबरला ‘पूना हॉर्स’चे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल धारातीर्थी पडले. पुण्यात जन्मलेल्या या वीराला मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले, तर वैद्यांना दुसऱ्यांदा महावीरचक्र लाभले.

पूर्व विभागाचे प्रमुखपद सांभाळल्यानंतर १९८३ मध्ये ते भूसेनाध्यक्ष झाले. सेवाज्येष्ठ लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा यांना डावलून झालेल्या या नेमणुकीची बरीच चर्चा झाली. त्यांच्या कारकिर्दीत एप्रिल १९८४ मध्ये सियाचिनवर ‘मेघदूत’ आणि जूनमध्ये अमृतसरच्या सुवर्णमंदिरात खलिस्तानवादी अतिरेक्यांविरुद्ध ‘ब्लू स्टार’ या मोहिमा झाल्या.

३१ जानेवारी १९८६ रोजी निवृत्त होऊन ते पुण्यात स्थायिक झाले. १० ऑगस्टला पत्नी भानुमती यांच्यासह खरेदी आटोपून ते स्वतः मोटार चालवत घरी परतत होते. कॅम्प भागात मोटारसायकलवरून आलेल्या खलिस्तानवादी मारेकऱ्यांनी ‘ब्लू स्टार’चा सूड म्हणून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वैद्य मृत्युमुखी पडले. भानुमतीबाई जखमी झाल्या. या हत्येबद्दल सुखदेवसिंग सुखा व हरजिंदरसिंग जिंदा यांना ९ ऑक्टोबर १९९२ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली.

वैद्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. पुण्याच्या भवानी पेठेतील क्रीडासंकुलाला आणि मुंबईत गोरेगाव येथील मार्गाला त्यांचे नाव आहे. जुन्या, कमी ताकदीच्या रणगाड्यांनीही भूभाग ओळखून आणि धीर धरून वरचढ शत्रूला हरवता येते, हे त्यांच्या पलटणीने असल उत्तरला सिद्ध केले. भारतीय चिलखती दलाच्या इतिहासातील त्यांचे मोठे स्थान याच कर्तृत्वावर उभे आहे.