अज्ञात सैनिक

१८ फेब्रुवारी १९७७ या दिवशी लागोसमध्ये जे घडलं त्याला साक्षीदारांची वाण नव्हती. भर वस्तीत, आगेगे मोटर रोडवरच्या एका घराला सुमारे हजार सैनिकांनी वेढा घातला. आतल्या माणसांना बेदम मारलं, बायकांवर अत्याचार केले, शहात्तर वर्षांच्या एका वृद्धेला वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली फेकलं आणि मग घर पेटवून दिलं. त्याच आवारात घरमालकाच्या डॉक्टर भावाचा मोफत दवाखाना होता, तोही जळाला. गवगवा इतका झाला की लष्करी सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. समितीनं साक्षी घेतल्या, कागद तपासले आणि निष्कर्ष काढला की आग एका अज्ञात सैनिकानं लावली.

घर होतं फेला अनिकुलापो कुटीचं. खिडकीतून फेकलेली वृद्धा त्याची आई, फुनमिलायो. त्या दुखण्यातून ती पुरती उठली नाही. १३ एप्रिल १९७८ रोजी वारली. पुढच्या वर्षी फेलानं एक लांबलचक गाणं काढलं आणि त्याला नाव दिलं ‘अननोन सोल्जर’, अज्ञात सैनिक.

सरकारी अहवालातला शब्द उचलून तोच गाण्याच्या माथी लावण्यात नुसता उपरोध नव्हता. नायजेरियातल्या गाण्यांचं सत्तेशी जे भांडण चालत आलंय, त्याचा कणाच या दोन शब्दांत सापडतो. गाणं नाव घेतं. सरकार नाव पुसतं.

आपल्याकडे फेलाची ओळख येते ती बहुधा अमेरिकेच्या वाटेनं. १९६९ साली तो बँड घेऊन लॉस एंजेलिसला गेला, तिथं ब्लॅक पँथर चळवळीतली सँड्रा त्याला भेटली, तिच्यामुळे त्यानं माल्कम एक्सचं आत्मचरित्र वाचलं, आणि गडी पेटून परत आला, अशी ती गोष्ट. खोटी नाही. फेला स्वतःही ती सांगायचा. पण तिच्यात एक गोम आहे. याच अमेरिकेच्या मुक्कामात त्यानं ‘व्हिवा नायजेरिया’ नावाचं गाणंही रेकॉर्ड केलं होतं. बियाफ्राचं यादवी युद्ध चालू होतं आणि हे गाणं देशाच्या एकीची भलामण करणारं, म्हणजे लष्करी सरकारला अगदी सोयीचं होतं. अमेरिकेनं त्याला राजकारण दिलं असेल. सत्ताधाऱ्याच्या दारात जाऊन त्याच्या नावानं गाण्याची रीत मात्र घरचीच होती.

योरुबा समाजात ओरिकी म्हणून एक प्रकार आहे. माणसाची, घराण्याची, गावाची, देवाचीसुद्धा बिरुदावली. पण ओरिकी म्हणजे निव्वळ स्तुती नव्हे. घराण्याच्या कुरापती, फजित्या, अंगातली खोड, सगळं तिच्यात येतं. नाव घेऊन गाणं ही तिथं मूळ गोष्ट. त्या नावाला हार घालायचा की जोडा, हे पुढचं. विसाव्या शतकात शहरी जुजू संगीतानं यातली हारांची बाजू उचलली. एबेनेझर ओबे, किंग सनी अडे यांच्यासारखे गायक समारंभात यजमानाचं, व्यापाऱ्याचं, सरदाराचं नाव गुंफून तासन्‌तास गायचे आणि पाहुणे नाचत नाचत पुढं येऊन गायकाच्या कपाळावर नोटा चिकटवायचे. आपल्या दौलतजादाचा सख्खा भाऊ. तेलाचा पैसा आल्यावर तर ही नोटांची बरसात फारच वाढली. या गाण्यांना तुच्छ लेखू नये, त्यांतली काही फार सुंदर आहेत. पण त्यांत शेठजींना कुणी पैसा कुठून आला हे विचारत नाही.

जोड्याची बाजू कुठं होती? बायकांकडे.

१९२९ साली आग्नेय नायजेरियातल्या इग्बो आणि इबिबियो बायकांनी इंग्रजांनी नेमलेल्या मुखियांविरुद्ध बंड केलं. तिथं एक जुना रिवाज होता. ज्या पुरुषानं बायकांना छळलं असेल त्याच्या दारात रात्रंदिवस ठाण मांडायचं, नाचायचं, त्याची लक्तरं काढणारी गाणी म्हणायची, तो शरण येईस्तोवर हलायचं नाही. कर लागणार या बातमीनं हजारो बायका हेच करायला निघाल्या. इंग्रजी सैन्यानं गोळ्या घातल्या; पन्नासेक बायका मेल्या. पश्चिमेला, योरुबा मुलखातल्या अबेओकुटा शहरात, १९४७-४८ साली तेच अस्त्र पुन्हा बाहेर आलं. बाजारात विकणाऱ्या बायकांवर कर होता, आणि तो वसूल करणारा राजा, म्हणजे अलाके, इंग्रजांच्या पाठबळावर माजला होता. बायकांनी त्याच्या राजवाड्यापुढं ठिय्या दिला आणि त्याच्या नावानं, त्याच्या पौरुषाचा उद्धार करत गाणी म्हटली. १९४९ साली अलाकेला गादी सोडून परगंदा व्हावं लागलं. (पुढच्याच वर्षी तो परत आला, हेही सांगायला हवं.) या बायकांची पुढारी होती फुनमिलायो रॅनसम-कुटी. तिच्या कागदपत्रांत या गाण्यांचा संग्रह आहे. तिचा मुलगा फेला तेव्हा दहा वर्षांचा होता.

घरात गाण्याचं वारं आधीपासून होतं. फेलाचे आजोबा पाद्री. त्यांनी १९२२ साली लंडनला जाऊन योरुबा भाषेतली ख्रिस्ती भजनं ग्रामोफोन तबकड्यांवर गायली होती. वडीलही पाद्री आणि शाळेचे मुख्याध्यापक. फेलाला १९५८ साली लंडनला धाडलं ते डॉक्टर व्हायला, पण त्यानं नाव घातलं ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये.

परत आल्यावर त्यानं सगळ्यात महत्त्वाचं काय केलं असेल, तर भाषा बदलली. योरुबात गायला तर इग्बो आणि हौसा माणूस वगळला जाणार. शुद्ध इंग्रजीत गायला तर रस्ताच वगळला जाणार. त्यानं पिजिन धरली. बंदरात, बराकीत, बाजारात घडलेली ही मोडकी म्हणून हिणवली जाणारी इंग्रजी साऱ्या नायजेरियात, आणि पलीकडे घानापर्यंत, समजते. पिजिनमध्ये मोठ्या माणसाचं मोठेपण टिकत नाही. राष्ट्राध्यक्षाबद्दल त्या भाषेत बोललं की तो नाक्यावरचा माणूस होऊन जातो.

त्याच्या घराच्या नावाची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९७४ साली पोलिसांनी त्याला पकडून एका कोठडीत टाकलं. आतल्या कैद्यांनी त्या कोठडीला ‘कालाकुटा’ म्हणायला सुरुवात केली होती. हा शब्द आपल्या कलकत्त्याच्या ‘ब्लॅक होल’वरून आला असं सांगतात. प्लासीच्या आधीच्या वर्षी इंग्रज कैदी गुदमरून मेल्याची ती दंतकथावजा हकिगत साम्राज्याच्या शाळांतून शिकवली जायची, आणि ती फिरत फिरत लागोसच्या कैद्यांच्या तोंडी थट्टा होऊन पोचली. सुटल्यावर फेलानं आपल्या घराला ‘कालाकुटा प्रजासत्ताक’ असं नाव दिलं आणि ते नायजेरियापासून स्वतंत्र असल्याचं जाहीर केलं.

१९७६ साली ‘झोम्बी’ आलं. हुकूम मिळाला की चालणाऱ्या, हुकूम मिळाला की थांबणाऱ्या सैनिकाची ती नक्कल. कवायतीच्या आरोळ्याच गाण्याच्या चालीत बसवलेल्या, त्यामुळे रस्त्यावरची पोरं सैनिक दिसला की ते गाणं म्हणत, काठी बंदुकीसारखी धरून चालून दाखवत. लष्कराला टीका सोसता आली असती कदाचित, हसं सोसवेना. १९७७च्या जानेवारीत सरकारनं साऱ्या आफ्रिकी जगाला बोलावून फेस्टॅक हा प्रचंड कलामहोत्सव भरवला. फेलानं त्यावर बहिष्कार घातला आणि परदेशी पाहुणे रात्री त्याच्या क्लबात, ‘श्राइन’मध्ये, येऊ लागले. १२ फेब्रुवारीला महोत्सव संपला, पाहुणे पांगले. सहा दिवसांनी सैनिक आले.

कुटुंबानं सरकारवर दावा लावला. तो १९८५ साली सर्वोच्च न्यायालयातही फेटाळला गेला. आधार काय, तर इंग्रजी कायद्यातलं जुनं तत्त्व : राजा चूक करू शकत नाही, म्हणून राज्यावर असा दावा चालत नाही. इंग्रज जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.

त्याच्या आधीच, १९७९ साली लष्करप्रमुख ओलुसेगुन ओबासांजो नागरी सरकारकडे सत्ता सोपवून निघत असताना, फेला आणि त्याची माणसं आईच्या नावाची शवपेटी घेऊन लष्करी सत्तेचं ठाणं असलेल्या डोडन बराकीवर गेली आणि फाटकाशी ती ठेवून आली. त्यावरही गाणं झालं. आणि १९८०च्या गाण्यात बहुराष्ट्रीय कंपनी ‘आयटीटी’च्या आद्याक्षरांचा अर्थ त्यानं ‘आंतरराष्ट्रीय चोर’ असा लावला. त्यात दोन चोर नावानिशी सांगितले : ओबासांजो आणि त्या कंपनीचा नायजेरियातला कर्ताधर्ता मोशूद अबिओला. फेला, ओबासांजो, अबिओला, तिघेही अबेओकुटाचे, वयानंही बरोबरीचे. एका गावची भाऊबंदकी राष्ट्राच्या चव्हाट्यावर चालली होती म्हणायला हरकत नाही. पुढं अबिओला १९९३ची अध्यक्षीय निवडणूक जिंकला, ती निवडणूकच लष्करानं रद्द केली, आणि १९९८ साली तो कैदेत मेला. आज लोकशाहीचा हुतात्मा म्हणून त्याचं नाव घेतात. ओबासांजोही लष्करी हुकूमशहाच्या तुरुंगात गेला आणि बाहेर येऊन निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष झाला. गाण्यातलं नाव मात्र गाण्यातच राहिलं आहे. इतिहासानं त्यांचा हिशोब नंतर बदलला, तरी तबकडीवरचं खोडता येत नाही.

सगळेच गायक असे नव्हते. सनी ओकोसुनचं ‘फायर इन सोवेटो’ १९७७चंच. ते दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाबद्दल होतं, आणि त्यासाठी लागोसमध्ये कुणाचं घर जळणार नव्हतं. उत्तरेत हौसा भाषेत गाणारा डॅन मराया जोस, कुंटिगी या एकतारी वाद्यावर, ट्रकवरच्या क्लीनर पोराचं गाणं म्हणायचा. त्यात ना राजा ना चोर. पण त्या पोराला कुणीतरी गाण्यात घेतलं हेही थोडं नव्हे.

फेलाचा हिशोबही स्वच्छ नाही. बायकांची फौज उभी करणाऱ्या आईचा हा मुलगा ‘लेडी’ या गाण्यात बरोबरीनं वागू पाहणाऱ्या शहरी बाईची टर उडवतो. १९७८ साली त्यानं एकाच वेळी सत्तावीस जणींशी लग्न केलं. यातल्या कित्येक जणी त्या हल्ल्यात मार खाल्लेल्या, त्याच्या बँडमध्ये गाणाऱ्या-नाचणाऱ्या होत्या. आईचं नाव जगाला ठाऊक झालं. या बाकीच्या जणी कोण, त्यांचं त्या दिवशी काय झालं, हे फारसं कुणी विचारलं नाही, आणि नाव घेण्यात वस्ताद असलेल्या माणसाच्या गोष्टीत हे जास्तच खटकतं.

तो २ ऑगस्ट १९९७ रोजी गेला. मृत्यू एड्सशी संबंधित होता हे त्याच्या भावानं, माजी आरोग्यमंत्री असलेल्या ओलिकोये यांनी, पत्रकारांना बोलावून सांगितलं. रोगाचं नाव घ्यायलाही देश तेव्हा धजत नव्हता.

पुढच्या पिढीनं वाद्यं बदलली. २००४ साली एड्रिस अब्दुलकरीमच्या ‘जागा जागा’ या रॅपनं देशाच्या बेबंदशाहीवर बोट ठेवलं; तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष, म्हणजे तेच ओबासांजो, जाहीरपणे त्याच्यावर भडकले आणि गाणं रेडिओवरून उतरलं. २०१८ साली फाल्झचं ‘धिस इज नायजेरिया’ वाजवल्याबद्दल जोसच्या एका रेडिओ केंद्राला एक लाख नायराचा दंड झाला.

२० ऑक्टोबर २०२० रोजी, पोलिसी अत्याचारांविरुद्ध लागोसच्या लेक्की टोलनाक्यावर बसलेल्या तरुणांवर सैन्यानं गोळ्या झाडल्या. राष्ट्राध्यक्ष होते मुहम्मदु बुहारी. १९८४ साली हेच लष्करशहा असताना फेलाला परकी चलनाच्या खटल्यात पाच वर्षांची शिक्षा झाली होती. लष्करानं आधी लेक्कीची बातमीच खोटी ठरवली. नंतर, राज्य सरकारच्या सांगण्यावरून आपण तिथं होतो, एवढं कबूल केलं. चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल फुटला, त्यात हत्याकांड हा शब्द होता, आणि सरकारनं त्यातले मुख्य निष्कर्ष नाकारले. त्या घटनेनंतर काही दिवसांतच बर्ना बॉयचं गाणं आलं. त्याचे आजोबा एकेकाळी फेलाचे मॅनेजर होते. गाण्याचं नाव म्हणजे फक्त तारीख आहे : २० १० २०.

एप्रिल २०२५मध्ये नायजेरियाच्या प्रसारण आयोगानं आणखी एका गाण्यावर बंदी घातली. गायक पुन्हा एड्रिस अब्दुलकरीम. गाणं आहे ‘टेल युअर पापा’, बापाला जाऊन सांग. सांगायचं आहे राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबूंच्या मुलाला, सेयीला, आणि ते त्याचं नाव घेऊन सांगितलं आहे.