झातर : डोंगरावरून अंगणात

आमच्या उर्दू शाळेत आम्ही मुलांकडून परसबाग करून घेतो. एकदा उमऱ्याहून परतलेल्या एका पालकांनी झातरची पुडी आणून दिली. एका मुलीने वास घेतला आणि म्हणाली, ‘‘सर, हा तर ओवा!’’ तिचे अगदीच चुकले नव्हते. थायमॉल हे द्रव्य दोन्हींच्या तेलात आढळते.

झातर हा अरबी शब्द. आपल्या हकिमांच्या यादीतला ‘सातर’ तो हाच. मात्र नाव एक आणि झाडे अनेक. इंग्रजीतले थाईम आणि त्याची भावंडे अरब गावांत याच नावाने ओळखली जातात. पॅलेस्टाईनच्या घराघरांत खाल्ला जाणारा झातर म्हणजे आपल्या मरव्याचा सख्खा भाऊ. वसंतात बायकांनी टेकड्यांवर जायचे, पाने खुडून वाळवायची, तीळ, सुमाक आणि मीठ घालून कुटायची. मग जैतुनाचे तेल आणि रोटी. परीक्षेच्या सकाळी मुलांना झातर दिला की बुद्धी तल्लख होते, असा तिकडे समज आहे.

मुलीने पुढे विचारले, ‘‘सर, एवढे डोंगर चढण्यापेक्षा ते लोक घरातच का लावत नाहीत?’’ या साध्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे.

डोंगरावरचा झातर कोणी पेरत नव्हते, त्यामुळे तो कोणा एकाचा नव्हता. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही, त्याच्याही ताटात तो येई. १९४८ नंतर इस्रायलमध्ये राहिलेल्या अरबांच्या कितीतरी जमिनी गेल्या. १९६६ पर्यंत त्यांच्यावर लष्करी अंमल होता. अशा काळात रानातली भाजी हाच अनेकांचा आधार. १९७७ मध्ये इस्रायल सरकारने झातर संरक्षित वनस्पती ठरवला आणि तो खुडणे गुन्हा झाला. अति खुडण्यामुळे वनस्पती नष्ट होईल, हे कारण देण्यात आले. निसर्ग जपला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या मूळ राखून पाने खुडणाऱ्यांना कोणी विचारले नाही. खटले अरबांवरच भरले जातात, हे ‘अदाला’ या हक्क संस्थेने मांडले. स्वतःच्या घरापुरते थोडे खुडण्याची सवलत मिळायला २०२० च्या सुमारास मुहूर्त लागला.

दरम्यान झातर अंगणात आला. त्याचे बी अगदी बारीक. हलकी, निचऱ्याची जमीन आणि भरपूर ऊन त्याला लागते. बुंधा राखून कापला की पुन्हा फुटतो. लोकांनी तो डब्यांत लावला, शेतांत लावला. त्याचे नगदी पीकही झाले.

म्हणजे मुलीने सुचवलेले लोकांनी केलेच. परंतु अंगणासाठी अंगण लागते, शेतासाठी पाणी लागते. ज्याच्याकडे दोन्ही नाही, त्याला आता बाजारातून पुडी घ्यावी लागते. जे सर्वांचे होते, ते ज्याला परवडेल त्याचे झाले.

शाळेच्या पुस्तकात आम्ही तह आणि लढाया शिकवतो. एका बाईच्या टोपलीतली पाने जप्त झाली, ही नोंद त्यात नसते. त्या दिवशी आम्ही मुलांना ती फळ्यावर लिहून दाखवली.