‘म्हणणे’ आणि त्याचे पर्याय : निवेदनातील एका क्रियापदाचा इतिहास

‘म्हणणे’ हे क्रियापद मराठी निवेदनात इतके सर्वव्यापी आहे की शैलीचा घटक म्हणून त्याचा विचार क्वचितच होतो. लेखनकलेच्या पाठांत मात्र ते दरिद्री ठरते. त्याऐवजी ‘उद्गारला’, ‘पुटपुटला’, ‘खेकसला’ असे ठसठशीत पर्याय योजावेत, असा उपदेश केला जातो. या उपदेशामागील गृहीतक इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त (13वे शतक) चक्रधरांचे बोलणे ‘म्हणीतलें’ या क्रियापदाने पुनःपुन्हा नोंदविले जाते. ही शब्ददारिद्र्याची खूण नव्हे. महानुभावांना स्वामींचे वचन प्रमाण होते. ते कसे उच्चारले गेले यावर भाष्य करण्याचा अधिकार निवेदक स्वतःकडे घेत नाही. संतकवींच्या नाममुद्रेतील ‘म्हणे’ही असेच निरलंकार आहे. पंडितकाव्यात ‘वदे’, ‘बोले’ हे पर्याय आले, ते प्रामुख्याने वृत्ताच्या आणि मात्रांच्या गरजेपोटी. ‘मुक्तामाला’ (1861), ‘मंजुघोषा’ (1868) यांसारख्या आरंभीच्या कादंबऱ्यांच्या संस्कृतप्रचुर गद्याने वृत्ताची ती गरज सोडली, पण अलंकरणाची हौस ठेवली.

मराठीत पर्याय निवडणे म्हणजे केवळ शब्दाच्या जागी शब्द ठेवणे नव्हे. ‘ती म्हणाली’ येथे क्रियापद कर्त्याचे लिंग सांगते. ‘तिने म्हटले’, ‘तिने सांगितले’ येथे प्रयोग बदलतो आणि क्रियापद त्याविषयी मौन पाळते. शिवाय ठसठशीतपणासाठी मराठीजवळ स्वतःची वेगळी सोय आहे, ती संयुक्त क्रियापदांची. ‘बोलून गेला’, ‘बोलून बसला’, ‘बोलून दाखवले’ यांत मूळ धातू तोच राहतो. अनवधान, पश्चात्ताप, हेतुपूर्वकता या छटा सहायक धातू पुरवितो. मो. के. दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (1911) चर्चेत असलेल्या या सामर्थ्याकडे शैलीविचाराने पुरेसे लक्ष दिलेले नाही.

प्रश्न केवळ सौंदर्याचाही नाही. कफ परेडच्या मच्छीमार नगरात घडणारी एखादी कथा घेतली, तर तीतील कोळीण ‘ओरडली’ किंवा ‘कडाडली’ असे लिहिण्याचा मोह निवेदकाला सहज होतो. समोरचे सुशिक्षित गिऱ्हाईक मात्र ‘म्हणते’ किंवा ‘विचारते’. प्रत्यक्षात ती भाव सांगत असते, वाटा वाढवून देत असते, कमी दर नाकारत असते. मुंबई-ठाण्याकडील कोळी बोलीची दखल ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाने 1905 मध्ये घेतली होती. अशी स्वतंत्र बोली बोलणाऱ्या स्त्रीचा हिशेब आणि युक्तिवाद ‘ओरडली’ या एका क्रियापदाने पुसला जातो आणि केवळ आवाज उरतो. ज्याला वर्णन म्हटले जाते, तो येथे निवाडा असतो. आणि वाचकाने संवाद ऐकण्यापूर्वीच तो दिलेला असतो.

म्हणून पर्यायांची समृद्धी हा निकष अपुरा आहे. ‘पुटपुटला’ हे क्रियापद ऐकू न येणे ही घटना असेल तेव्हा अपरिहार्य ठरते. एरवी ते निवेदकाची लुडबुड असते. ‘म्हणणे’ बोलणाऱ्याला त्याचे बोलणे परत देते. त्याचे साधेपण हे उणेपण नसून निवेदनाची एक नैतिक भूमिका आहे.