‘इल्लीगल ऑपरेशन’चा गुन्हेगार कोण?

फोनवर एखादं अ‍ॅप बंद पडलं की आपण दोन शिव्या घालतो आणि ते पुन्हा उघडतो. आपलंच काही चुकलं असेल, असं मनातही येत नाही. हा निर्धास्तपणा मात्र आपोआप आलेला नाही. त्याचा इतिहास कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या वाक्यांमध्ये वाचता येतो.

१९९० साली विंडोज ३.० आलं. त्यात प्रोग्रॅम कोसळला की ‘अनरिकव्हरेबल अ‍ॅप्लिकेशन एरर’ असं यायचं, म्हणजे गेलंच सगळं! १९९२च्या विंडोज ३.१मध्ये त्याचं ‘जनरल प्रोटेक्शन फॉल्ट’ झालं. विंडोज ९५ने तर कहरच केला: या प्रोग्रॅमने ‘इल्लीगल ऑपरेशन’ केलं आहे, तो बंद करण्यात येईल. प्रोग्रॅमने आपल्या नसलेल्या मेमरीला हात लावला किंवा प्रोसेसरला न कळणारी आज्ञा दिली, एवढाच त्याचा अर्थ. पण ‘इल्लीगल’ हा शब्द आपल्याकडे कोर्टकचेरीतला. मी ज्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकलो, तिथे ही पाटी झळकली की सर आधी विचारायचे, “काय दाबलंस?” पोरं कीबोर्डवरून हात मागे घ्यायची.

दोष त्या पोरांचा नव्हताच. विंडोज ३.१मध्ये सगळे प्रोग्रॅम एकाच सामाईक मेमरीत राहायचे. विंडोज ९५ने नव्या प्रोग्रॅमना स्वतंत्र खोल्या दिल्या, पण सिस्टिमचे काही महत्त्वाचे भाग सगळ्यांना उघडेच राहिले. म्हणून वर्डमध्ये साधा अर्ज टाइप करतानाही अख्खा कॉम्प्युटर गोठू शकायचा. २००१च्या विंडोज एक्सपीने एनटीच्या भक्कम भिंती घराघरांत आणल्या, आणि दुरुस्तीचं गणित बदललं.

आता एकटं वर्ड बंद पडत असेल, तर दोष वर्डच्या आसपास शोधायचा. कंट्रोलचं बटण दाबून धरून ते सेफ मोडमध्ये उघडायचं, अ‍ॅड-इन एकेक करून बंद करायचे, ‘नॉर्मल’ टेम्प्लेटच्या फाइलचं नाव बदलून पाहायचं. पण वर्ड उघडताच अख्खं मशीनच निळं पडत असेल, तर संशय ड्रायव्हर, रॅम किंवा तापलेला प्रोसेसर यांच्यावर घ्यायचा. आणखी एक गंमत म्हणजे, पानाची मांडणी ठरवण्यासाठी वर्ड प्रिंटरच्या ड्रायव्हरला विचारतं. त्यामुळे एकही पान छापायचं नसताना प्रिंटरचा बिघडलेला ड्रायव्हर वर्डला पाडू शकतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

२००१च्याच ऑफिस एक्सपीमध्ये कोसळलेला प्रोग्रॅम दिलगिरी व्यक्त करू लागला आणि विचारू लागला: रिपोर्ट पाठवू का? मला हा सगळ्यात मोठा बदल वाटतो. तोवर प्रत्येक क्रॅश म्हणजे एकेकट्या माणसाचं नशीब होतं, आता त्यांची मोजदाद सुरू झाली. सारखे क्रॅश एका गठ्ठ्यात बांधले जाऊ लागले. २००२मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी ग्राहकांना लिहिलेल्या पत्रात त्याचा निष्कर्ष दिला: सुमारे २० टक्के बग ८० टक्के एररना कारणीभूत असतात, आणि अवघा १ टक्का बग निम्म्या एररना. थोडक्यात, हजारो लोक आपापल्या टेबलाशी स्वतःला दोष देत बसले होते, ते त्याच मूठभर चुकांपायी.

या मोजदादीची किंमतही होती. रिपोर्टसोबत मेमरीचा तुकडा जायचा, आणि तुम्ही लिहीत असलेल्या मजकुराचा अंश त्यात असू शकायचा. म्हणून ‘पाठवू नका’ हेही बटण शेजारीच असायचं.

माझी आई आजही फोन अडकला की आधी म्हणते, “माझ्याकडून काहीतरी दाबलं गेलं वाटतं.” प्रोग्रॅमने माफी मागायला सुरुवात केली त्याला दोन दशकं उलटली. ती मात्र त्याच्या आधीच कॉम्प्युटर शिकली होती.