ताडी, तारपा आणि परवाना

पालघर-बोईसर पट्ट्यातली रात्रीची करमणूक बारच्या कितीतरी आधीची आहे. तिचे मूळ ताडाच्या झाडात आणि वारली पाड्यावरच्या तारप्यात सापडते. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडपत्राचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण, एवढ्यावर तारपा तयार होतो. भात पिकले की वादक मध्ये उभा राहून वाजवतो आणि हातात हात गुंफलेली माणसे त्याच्याभोवती रात्रभर फेर धरतात. सूर बदलला की पावलेही बदलतात. वादनाला इतकी तत्काळ दाद शहरी मैफलीत क्वचितच मिळते.

ताडी काढणे हा भंडाऱ्यांचा परंपरागत धंदा. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने त्यावर सरकारी पकड घट्ट झाली. 1892 च्या मोहवा कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. महसुलासाठी गरिबाच्या घरातले फूल गुन्ह्याच्या कक्षेत आणणारा हा कायदा अन्यायकारकच होता. 1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर चोरट्या भट्ट्या वाढल्या. शेजारच्या दमणमध्ये मात्र 1961 पर्यंत पोर्तुगीज राज्य होते, त्यामुळे हा कायदा तिथे लागू नव्हता.

1969 मध्ये तारापूर अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली. पाळीत काम करणारा, घरापासून दूर राहणारा कामगार बोईसरला आला आणि परमिट रूमना गिऱ्हाईक मिळाले. 2005 मध्ये राज्याने डान्स बारवर बंदी घातली. ऑर्केस्ट्राच्या गाण्यांना मात्र परवान्यानिशी मुभा राहिली. तारप्याला परवाना कधीच लागला नाही. तो आजही पाड्यांवर वाजतो.