जुनी एमपीएफआय मोटार अडखळते तेव्हा
अॅक्सिलरेटर दाबताच मोटार क्षणभर दबते आणि मग झटक्याने पुढे जाते. ओव्हरटेक करताना हा क्षण जिवावर बेतू शकतो. दोष बहुधा इंजेक्टरच्या माथी मारला जातो. वास्तविक आधी एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि तडकलेले व्हॅक्यूम पाइप पाहावेत. पेडलच्या एका ठरावीक स्थितीतच इंजिन अडखळत असेल, तर थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा संशय घ्यावा. त्यातील पट्टी नेहमीच्या वापराच्या जागी झिजते. इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून मल्टिमीटर लावावा. पेडल सावकाश दाबताना व्होल्टेज सुमारे ०.५ पासून ४.५ पर्यंत सलग चढले पाहिजे. मध्येच घसरल्यास सेन्सर बदलावा. ‘चेक इंजिन’ दिवा अशा वेळी पेटेलच असे नाही. केवळ चढावर ताकद कमी पडत असल्यास मात्र इंधनाचा दाब तपासून घ्यावा.