धातूचे पूर्वायुष्य : किर्लोस्करवाडीच्या नांगरापासून मोटारीच्या टकरीपर्यंत

१/ १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव सोडून कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर आले. जागा दिली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर त्या माळावर वसलेली किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. #थ्रेड

२/ लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असा तेव्हा समज होता. बेळगावात घडवलेले पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे नांगर शेतात उतरला आणि समज मागे पडला. नांगराचा खरा कस मात्र लागतो तो फाळाशी.

३/ गावचा लोहार फाळ तापवून ठोकतो आणि पाणी देतो. लोखंड तेच, आकार तोच. पाणी चुकले की धार बोथटते किंवा तुटते. इंग्लंडच्या रॉबर्ट रॅन्समने १८०३ साली ओतीव फाळाची खालची बाजू झटकन थंड करून कठीण केली. वरची मऊ बाजू आधी झिजे आणि धार आपोआप टिके.

४/ म्हणजे धातू कसा घडला, हे त्याच्या अंगात उरते. १८८० च्या दशकात म्युनिकच्या योहान बाउशिंगरने दाखवले, की एका दिशेने ताणलेला धातू उलट्या दिशेने लवकर नमतो.

५/ आता मोटारीकडे वळू. तिचे सांगाड्याचे भाग सपाट पत्रा साच्यात दाबून घडतात. ताणलेल्या जागी पत्रा पातळ होतो, पण कठीणही होतो. एक परिणाम बळ घटवतो, दुसरा वाढवतो. जमाखर्च प्रत्येक जागी निराळा.

६/ टकरीत पुढचे लांब पोलादी दांडे पेटीच्या भात्यासारखे घड्या घालत धक्का गिळतात. घडी कुठे पडेल, यावर आतल्या माणसाला बसणारा हिसका ठरतो.

७/ १९७६ मध्ये जॉन हॉलक्विस्टने अमेरिकेच्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत ‘डायना-थ्रीडी’ ही संगणक-प्रणाली लिहिली. तिचा मूळ हेतू शस्त्रास्त्रांच्या अभ्यासाचा. १९८० च्या दशकात अशा प्रणालींवर मोटारींच्या टकरी गणल्या जाऊ लागल्या. गणितात मात्र पत्रा बहुधा कोरा धरला जाई : सगळीकडे एकच जाडी, एकच ताकद.

८/ म्हणून अभियंत्यांनी क्रम बदलला. आधी दाबकामाचे गणित करायचे. त्यातून निघालेली जाडी आणि ताणाची नोंद बिंदूगणिक टकरीच्या प्रतिमानात भरायची. दाबताना झपाट्याने कठीण होणाऱ्या नव्या पोलादांसाठी तर ही नोंद टाळताच येत नाही.

९/ १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ताशी ६४ किलोमीटर वेगाच्या समोरच्या टकरीवर मोटारींना तारे देते. चाचणी मोजक्या गाड्यांची होते. उरलेल्या असंख्य शक्यता संगणकच तपासतो. तिथली चूक रस्त्यावर येईपर्यंत दिसत नाही.

१०/ तो रस्ता खंबाटकी घाटातून साताऱ्याला, कराडवरून पेठ नाक्याला आणि पुढे कोल्हापूरला जातो. त्यावरच्या प्रत्येक गाडीचा पत्रा आपला भूतकाळ सोबत घेऊन धावतो. लोहाराला हे फाळाबाबत ठाऊक होते. संगणकाला ते शिकवावे लागले. (समाप्त)